तान्हेल्या वीराचा तांब्या

आमच्या देव्हाऱ्यात एक वीर होता आणि त्याला तहान लागायची. बाकीच्या देवांना फूल चालतं, अक्षता चालतात, घरात आजारपण असलं तर नुसते हात जोडले तरी ते समजून घेतात. वीराचं तसं नाही. दिवेलागणीला तांब्याभर ताजं पाणी त्याच्यापुढं ठेवायचं, सकाळी ते तुळशीला ओतायचं, तांब्या घासायचा, संध्याकाळी पुन्हा भरायचा. लग्न होऊन मी नांद्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी विचारलं, ‘यालाच का हो पाणी?’ तर म्हणाल्या, ‘तान्हेला वीर हाय. भरायचं म्हंजी भरायचं. तोंड चालवू नगं.’ तोंड चालवण्यात मी पहिल्यापासून पटाईत, पण नव्या नवरीचं कोण ऐकतं? गप बसले आणि तांब्या भरला.

मी बाहेरची असले की आत्या भरायच्या, बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा नणंद भरायची. विहीर आटली त्या उन्हाळ्यात टँकरपुढं भांडून भांडून घसा बसला, पण आणलेल्या पाण्यातला पहिला तांब्या वीराचा. पुढं शेताच्या जागी खोल्या झाल्या, वर हिंजवडीला जाणाऱ्या पोरी भाड्यानं राहायला आल्या. एक लखनौकडची पोर रोज बघायची. एकदा म्हणाली, ‘आंटी, ये कौनसे भगवान हैं?’ मी म्हटलं, ‘प्यासे भगवान.’ ती हसली, मीही हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

वीर म्हणजे काय, तर बोटभर लांबीची चांदीची पट्टी. खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी ती बसवलेली. टाकाला असतो तसा मागून तांब्याचा पत्रा, पण पुढं ना घोडा ना तलवार. नुसती गुळगुळीत. तिची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. दुसऱ्या महायुद्धात पुण्याकडून शिकाऊ विमानं यायची. विमानात दोघं, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. त्यातलं एक आमच्या मागच्या टेकडीवर आपटलं. आमच्या ह्यांचे आजोबा, ज्यांना घरात सगळे थोरले बाबा म्हणत, ते तेव्हा टेकडीवर गुरं घेऊन गेले होते. सगळ्यात आधी तेच पोचले. ‘दोन गोरे सायेब हुते, दोगं बी मेलेले,’ असं ते सांगत. त्यातल्या एकाच्या मनगटात चांदीची साखळी होती, मधे पट्टी, पट्टीवर इंग्रजी अक्षरं. ती त्यांनी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मिलिटरीचा ट्रक आला आणि मेलेल्यांना घेऊन गेला.

साखळी सोनारानं घेतली. पट्टी घेईना, म्हणाला अक्षरं आहेत, उद्या कोण विचारत आला तर मला अडकवशील. पट्टी घरी राहिली आणि घराला उतरती कळा लागली. दुभती म्हैस मेली, थोरलं पोरगं तापानं गेलं. देवऋषी म्हणाला, मेल्या माणसाची वस्तू घरात आणलीस, आता त्याला बाहेर काढू नको, मानानं बसव. मग त्याच सोनाराकडून मागं तांब्याचा पत्रा लावून घेतला, आणि वीर देव्हाऱ्यात बसला. तेव्हापासून घर सावरलं म्हणतात.

ही गोष्ट आमच्याकडं हसत हसत सांगितली जायची, हे मला आज लिहिताना जड जातं. ‘मेलेल्याला कशाला पायजे दागिना? आन् गोऱ्याचाच तर हुता. आपल्याच देशातनं लुटलेला.’ पाहुण्यारावळ्यांत नाही, घरातल्या घरात. गावात बाहेर फक्त ‘आमचा वीर’ एवढंच. मीही पोरांना तशीच सांगितली. दरवर्षी घट बसायच्या आधी देव उजळायला काढले की चिंच आणि राख घेऊन मी त्या पट्टीला घासत बसायची. आत्या म्हणायच्या, ‘दम लावून घास, तोंड दिसलं पायजे.’ माझ्याआधी आत्यांनी घासली, त्यांच्याआधी त्यांच्या सासूनं. असं घासून घासून आम्ही तिच्यावरची अक्षरं पार नाहीशी केली. इतकी सेवा केली हो आम्ही.

गौरी-गणपती नुकतेच गेले होते. अंगणात गाडी थांबली. फौजेतून निवृत्त झालेले एक साहेब उतरले आणि मागच्या दारानं त्यांनी एका फार म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून उतरवलं. नव्वदीच्या आसपासच्या असतील. सुती नऊवारी, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. साहेब म्हणाले की युद्धाच्या काळात सरावाची विमानं कुठं कुठं पडली ते शोधायचा त्यांना नाद आहे. लढाईत मेले त्यांची नावं दगडावर लागली, शिकताना मेले त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ते गावोगाव फिरतात. नांदे-चांद्याच्या लोकांनी त्यांना आमची टेकडी दाखवली होती. आजींना चढ झेपणार नव्हता. ‘या तुमच्या ओसरीवर बसल्या तर चालेल का?’

‘आवो, बसा की,’ आत्या म्हणाल्या. आमचे हे साहेबांना घेऊन टेकडीवर गेले. ओसरीवर आम्ही तिघी बायका उरलो.

आजी टेकडीकडं बघत होत्या. तेरड्यानं सगळी टेकडी गुलाबी झाली होती. त्या म्हणाल्या, ‘इतकी छोटी आहे? मला वाटलं मोठा डोंगर असेल.’

मी विचारलं, ‘तुमचं कोण होतं का आजी त्यात?’

‘माझा भाऊ.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, ‘पण ते तर गोरे होते ना दोघं?’

‘शिकवणारा गोरा होता. शिकणारा माझा भाऊ. आम्ही कऱ्हाडकडचे.’

मी आत्यांकडं बघितलं. आत्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला.

आजी मग सांगत गेल्या. मी विचारत नव्हते, मला ऐकायचंही नव्हतं, पण त्यांना थांबवणार कोण? भाऊ विमान शिकायला निघाला तेव्हा त्या जेमतेम शाळेत जायला लागल्या होत्या. भाऊबीजेला ओवाळणी घालायची भावानं, पण यांनी हट्ट धरला की मीच दादाला काहीतरी देणार. पायात लहानपणचे चांदीचे वाळे होते, घट्ट झालेले. आईनं ते मोडून सोनाराकडून दादासाठी मनगटातली साखळी करून घेतली. पट्टीवर त्याचं नाव घातलं, साहेबी पद्धतीनं इंग्रजीत. ‘आणि मागच्या बाजूला मी पोपट काढायला लावला,’ आजी म्हणाल्या. ‘सोनार म्हणाला, फौजेत पोपट कशाला गं पोरी? मी दुकानात लोळण घेतली. मग काढला त्यानं. पण एकच पाय काढला. लंगडा पोपट केला म्हणून मी घरी येईपर्यंत रडले.’

त्या हसल्या. मलाही हसणं भाग होतं. आत, देव्हाऱ्यासमोर, सकाळीच घासून पालथा घातलेला तांब्या मला ओसरीवरून दिसत होता.

‘तार आली,’ त्या म्हणाल्या. ‘मग राख आली, डबीतून. त्याच्या खोलीतलं घड्याळ आलं, बूट आले. साखळी नाही आली. आई म्हणाली, हातातली साखळी कशी येत नाही? जळाली म्हणावं तर चांदीचा गोळा तरी आला असता. ही राख कुणाची कशावरून? आमच्या चुलीतही अशीच राख असते. ती म्हणाली, तो उडी मारून कुठंतरी गेलाय. डोक्याला मार लागला असेल, नाव विसरला असेल, पण मनगटावर नाव आहे, कुणीतरी वाचेल आणि आणून सोडेल.’

आई गं. मी पदर तोंडाला लावला.

‘ती मरेपर्यंत वाट बघत होती. दाराला रात्री कडी नाही लावायची. मरताना मला शपथ घातली, त्याची साखळी हातात आल्याशिवाय त्याच्या नावानं पाणी सोडायचं नाही. जिवंत माणसाला तिलांजली दिली तर पाप लागतं म्हणाली. मी नाही दिली. गुरुजी म्हणतात, आता बाईनं दिली तरी चालते, तुम्ही द्या. पण शपथ आहे ना बाई. आणि माझ्यानंतर त्याचं कुणी नाही. तो मेला असेल तर इतकी वर्षं त्याला कुणी घोटभर पाणी दिलेलं नाही. येत्या सर्वपित्रीला तरी द्यावं असं फार वाटतं. म्हणून म्हटलं, काहीतरी दिसेल. त्याचं असं एक काहीतरी.’

सुपातले तांदूळ सांडले. आत्या म्हणाल्या, ‘चहा टाक गं.’ आवाज नेहमीसारखाच, करडा. मी उठले. गॅस पेटवताना काडी तीनदा विझली.

तेवढ्यात हे आणि साहेब खाली आले. वाटेत गावातल्यांनी हौसेनं आपापल्या वस्तू दाखवल्या होत्या. कुणाच्या गोठ्याच्या दाराला विमानाचा पत्रा, कुणाकडं कोंबड्यांना पाणी ठेवायला केलेलं भांडं. सगळे मिरवत होते. साहेबांनी सहज विचारलं, ‘तुमच्याकडं आहे का काही?’

‘न्हाई बुवा,’ आमचे हे म्हणाले. ‘आमच्याकडं काय बी न्हाई.’

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. माझी जीभ, जी भाजीवाल्याला सोडत नाही, तलाठ्याला सोडत नाही, ती टाळूला चिकटली. मी कप पुढं केला. साखर बरोबर आहे का विचारलं. निघताना आजी म्हणाल्या, ‘थोडं पाणी द्याल का?’ मी पेल्यातून दिलं. तांब्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

गाडी वळणाआड गेली आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले. ‘लाज कशी वाटली नाही हो म्हातारीच्या तोंडावर खोटं बोलायला?’

‘आन् तू का न्हाई बोललीस? तोंड हुतं की तुला!’ हे म्हणाले. मग तेच जरा नरमले. ‘आपल्या पोरीची सोयरीक ठरत आलीया. मेल्याच्या अंगावरचं वरबाडणारी माणसं म्हून गावभर व्हईल. आन् कशावरनं त्याचंच? अक्षर हाय का एक तरी? झाकली मूठ ऱ्हाऊ दे.’

आत्या तर सरळ म्हणाल्या, ‘वीर घरातनं हलला तर घर बसंल. मी जित्ती असस्तवर त्याला हात लावायचा न्हाई.’ आणि खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या. दिवसाढवळ्या. त्या संध्याकाळी जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे बाहेर गेले होते, वरच्या पोरी कामावर. मी देव्हाऱ्यापुढं बसले. वीराला हळद-कुंकू लावलं, हात जोडले, म्हटलं, बाबा, रागावू नकोस. आणि भाजी चिरायच्या सुरीनं मागच्या पत्र्याची दुमडलेली कड उचकटायला लागले. एकीकडं वाटत होतं, नसू दे पोपट. मागं कोरं निघू दे. म्हणजे ह्यांचं खरं ठरेल, पोरीची सोयरीक होईल, आणि मी सुखानं तांब्या भरत राहीन. असं मी देवापुढं बसून मागत होते. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते.

कड सुटली. आत काळी पडलेली चांदी. चिंच नाही, राख नाही, कुणाचा हात नाही, म्हणून राहिलेली. पोपट होता. करंगळीच्या नखाएवढा, चोच वाकडी, शेपटी लांब. एकच पाय.

मी तिथंच ओक्साबोक्शी रडले. समोरच्या बाजूला त्या पोराचं नाव होतं, आणि ते नाव वाचून कुणीतरी त्याला घरी आणून सोडेल म्हणून त्याची आई दार उघडं टाकून झोपायची. आणि आम्ही ते नाव चिंच लावून घासत होतो. चोर तो चोर, वर घासूनपुसून लख्ख.

आत्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, ‘तुम्ही सांगता का मी सांगू?’ त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं. साहेब जाताना नंबर ठेवून गेले होते, मी त्यांना फोन लावला. ह्यांना नंतर सांगितलं. भांडायच्या तयारीनंच सांगितलं होतं, पण पट्टी हातात घेतल्यावर ते पोपटाकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘येऊ दे त्यास्नी. सोयरीक मोडली तर मोडली.’

आजी आल्या. या वेळी मी त्यांना ओसरीवर न बसवता आत, देव्हाऱ्यापाशी खुर्ची मांडून बसवलं. साहेब दाराशी उभे राहिले. आत्या खोलीतून आल्या नाहीत. मी पट्टी पालथी करून आजींच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग अंगठ्यानं चाचपली. ‘लंगडाच आहे अजून,’ त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. आवाज नव्हता. नव्वदीची बाई, पण रडताना शाळेतल्या पोरीसारखी रडत होती.

मी सगळं सांगितलं. कसं काढलं, साखळी कशी विकली, देवऋषी, सगळं. सांगताना मान वर होत नव्हती. पुढची बाजू कोरी का, तेही सांगितलं. ‘आम्हीच घासलं हो आजी. दरवर्षी.’ आजी त्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवत राहिल्या. ते मला बघवेना. काहीतरी चांगलं सांगावं, आमच्या बाजूचं, असं वाटलं. आणि मी म्हणाले, ‘पण आजी, तुम्ही म्हणालात ना, त्यांना कुणी पाणी दिलं नाही? आम्ही दिलं. एक दिवस चुकवलं नाही. हा बघा तांब्या. आमच्या घरात त्यांना तान्हेला वीर म्हणतात.’

मिरवलं मी. त्या जागी, त्या बाईसमोर, मी मिरवलं.

आजींनी तांब्याकडं बघितलं. ‘रोज?’

‘रोज.’

‘तुम्हाला कसं कळलं त्याला पाणी हवंय?’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘आईनं मला देऊ दिलं नाही, आणि परक्या घरात त्याला रोज पाणी मिळत होतं.’ काठी टेकत त्या उठल्या, आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांशी वाकायला लागल्या.

‘पाया नगा पडू!’

आत्या दारात उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, केस सुटलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना तशा कधी बघितल्या नव्हत्या.

‘पाया नगा पडू तिच्या. तिला काय बी ठावं न्हाई. हितं कुणाला बी ठावं न्हाई. मला ठावं हाय.’ भिंतीला धरून त्या खाली बसल्या. ‘थोरल्या बाबांचं मीच केलं शेवटाला. त्यांच्या घशाला कोरड पडली हुती, पन पानी घेईनात. चमचा लावला की दात आवळायचे. मी म्हनलं, बाबा, घ्या की घोटभर. तवा बोलले. ती दोगं मेल्याली नव्हती. गोरा मेल्याला. दुसरा जित्ता हुता.’

माझे हे खुर्चीची पाठ धरून उभे होते.

‘भाजला हुता लई. बाबा जवळ गेले, त्यानं डोळं उघडलं. पानी मागितलं. बाबांच्या खांद्याला पान्याची झाकणाची फिरकी हुती, गुरांमागं जाताना न्यायचे ती. भरल्याली हुती. बाबा म्हनले, मला त्याच्या हातातली चांदी दिसली. पानी पाजलं आन् तो वाचला, तर चांदी न्हाई मिळायची. मी तितंच बसून ऱ्हायलो. तो मागत ऱ्हायला. मग गप झाला. मग मी काढली.’ आत्यांनी कपाळावर हात मारला. ‘गोरा हुता असं बाबांनीच गावात सांगितलं. आपला हुता म्हनलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, मग तो बोलला का, काय म्हनला. तवापासनं तांब्या. म्हनून तान्हेला वीर. आमी पुण्यवान न्हाई वो बाई.’

बाहेर रस्त्यावर कंपनीच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. माझा हात तांब्यावर होता, तो मी काढून घेतला.

आजींनी विचारलं, ‘मराठीत मागितलं?’

‘व्हय.’

‘कसं? काय म्हणाला? शब्द सांगा.’

आत्यांनी मान हलवली, नको म्हणून. आजी त्यांच्याकडं वाकल्या. शेवटी आत्या म्हणाल्या, ‘मामा, पानी द्या. असं म्हनला.’

आजी पुन्हा खुर्चीवर बसल्या. ‘मामाच म्हणायचा सगळ्यांना,’ त्या हळू म्हणाल्या. ‘टांगेवाल्याला, गड्याला. आईनं शिकवलं होतं. मोठ्या माणसाला नातं लावल्याशिवाय नुसती हाक मारायची नाही.’

मला धरणी दुभंगावी असं वाटलं, आणि ती काही दुभंगत नाही, हेही माहीत होतं. मी या घरची लेक नाही, सून आहे, मी काही केलं नाही, असं मनात येऊन गेलं. पण ते मनात टिकलं नाही. इतकी वर्षं त्या तांब्याचं पुण्य मीच माझ्या पदरात बांधत आले होते. कुणी कौतुक केलं की सांगायची, मी कधी चुकवलं नाही. मग पाप तेवढं थोरल्या बाबांचं कसं?

आजींनी पदराच्या टोकाला पट्टी बांधली, घट्ट गाठ मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेबांनी हात पुढं केला, तो न घेता त्या काठीवर उठल्या. चहा तसाच साय धरून होता. आत्या जमिनीवर डोकं टेकून बसल्या होत्या. आजी त्यांच्यापाशी थांबल्या, पण त्यांना शिवल्या नाहीत.

मी मागोमाग गाडीपर्यंत गेले. काय बोलावं सुचेना, आणि न बोलता राहवेना, हा माझा जन्माचा रोग. म्हटलं, ‘आजी, मी आता त्या तांब्याचं काय करू?’

त्या गाडीत बसल्या होत्या. काच खाली केली. ‘सर्वपित्रीला माझं पाणी मी त्याला देईन,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं तुम्ही देत राहा. त्यानं ते तुमच्याकडं मागितलं होतं.’

पोरीच्या सोयरिकीचं पुढं काय झालं ते इथं सांगत नाही, तो विषय वेगळा. आता आत्या तांब्याला मला हात लावू देत नाहीत. गुडघे धरत धरत नळापर्यंत जातात, भरतात, दोन्ही हातांनी धरून आणतात. देव्हाऱ्यात खंडोबा आहे, भवानी आहे, आणि त्यांच्या शेजारी बोटभर जागा रिकामी आहे. तांब्या त्या रिकाम्या जागेपुढं ठेवतात. पूर्वी भरला की एक समाधान वाटायचं. आता आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नाही.

परवा लखनौची पोर भाड्याचं काहीतरी विचारायला खाली आली. तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. ‘आंटी, वो प्यासे भगवान कहाँ गए?’

‘अपने घर,’ मी म्हटलं.

‘तो फिर पानी किसके लिए?’

माझी हिंदी कामचलाऊ. भाडं, लाइट, पाण्याची वेळ, एवढ्यापुरती. तोंडाला पदर लावून मी कशीबशी म्हणाले, ‘उसने मांगा था.’